फास्टट्रॅक घ्यावा की रांगेत उभं राहावं? वंडरला, इमॅजिका आणि परदेशातली पार्कं (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकरांसाठी)

तिसरं_गेट (धागाकर्ता)

परीक्षा संपत आल्या की बेळगावात दोन प्रश्न ठरलेले. आंबा कधी उतरणार, आणि पोरांना यंदा कुठल्या राइडच्या पार्कात न्यायचं, बेंगळुरूजवळचं वंडरला की खोपोलीचं इमॅजिका. दुसऱ्या प्रश्नाला हल्ली शेपूट लागलंय: फास्टट्रॅक, म्हणजे रांग टाळायचं महागडं तिकीट, घ्यायचा काय? वंडरलात तो साध्या तिकिटाच्या जवळपास दुप्पट पडतो. चौघांचं घर असेल तर फरक हजारांत जातो.

म्हणून हा धागा. "आम्ही गेलो होतो तेव्हा लई मजा आली" असल्या आठवणी इथं नकोत, त्यासाठी दुसरा धागा आहे. इथं फक्त एवढंच लिहा: या जादा पैशात नेमकं काय मिळतं, कधी ते वसूल होतात, कधी वाया जातात.

सुरुवात मी करतो. "रांग टाळायचं तिकीट" या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे वेगळी रांग: केव्हाही जा, बाजूच्या दारातून आत शिरा. आपल्याकडची पार्कं हे विकतात, सिंगापूरचं युनिव्हर्सलही हेच विकतं. दुसरी म्हणजे राखून ठेवलेली वेळ: "दुपारी २.१० ते ३.१० या वेळात या" असं मोबाईलवर येतं. अमेरिकेतल्या डिस्नेचा मुख्य पास असा आहे. ज्यांनी तिरुपतीचं ३०० रुपयांचं दर्शन घेतलंय त्यांना दुसरा प्रकार लगेच कळेल. रांग तिथंही असते, फक्त ती वेळ ठरवून दिलेल्या माणसांची असते.

पैसे भरायच्या आधी आपण यातलं कुठलं घेतोय ते बघा. निम्मी भांडणं इथंच होतात.

अनगोळचा_गणिती

चांगला धागा. आधी हिशोब मांडतो, म्हणजे पुढचं सगळं त्यावर बोलता येईल.

एक रोलर कोस्टर घ्या. गाडीत २४ जागा, दर २ मिनिटांनी एक गाडी सुटते. तासाला ३० गाड्या, म्हणजे ७२० माणसं. रांगेत ३६० लोक असतील तर शेवटच्याला अर्धा तास. इथवर सोपं आहे.

आता फास्टट्रॅकचं दार उघडलं म्हणून गाडीच्या जागा वाढत नाहीत. दोन रांगा जिथं एकत्र येतात तिथं एक कर्मचारी उभा असतो. खरा पाळणा तोच चालवतो म्हणा की. समजा तो दर गाडीला ८ जागा फास्टवाल्यांना आणि १६ जागा साध्यांना देतोय. साधी रांग तासाला ४८० वर आली. त्याच ३६० माणसांना आता ४५ मिनिटं लागणार. फास्टच्या रांगेत ४० जण असतील तर ५ गाड्या, म्हणजे १० मिनिटं. गर्दीच्या दिवशी तो माणूस प्रमाण उलटं करतो, १६ फास्टला आणि ८ साध्यांना. मग साधी रांग दीड तासावर जाते.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात.

पहिली: रांगेची लांबी बघून वेळ ठरवू नका. दाराशी ५ मिनिटं उभं राहून मोजा. गाडी सुटल्यापासून पुढची सुटेपर्यंत किती वेळ जातो? एका गाडीत साध्या रांगेतली किती माणसं बसली? नागमोडी रांगेच्या एका पट्ट्यात किती जण आहेत? समजा पट्ट्यात ३० आणि पट्टे ६, म्हणजे १८०. गाडीत साध्यांचे १६ बसतायत, तर ११-१२ गाड्या. प्रत्येकी २ मिनिटं धरली तर २२ ते २४ मिनिटं. एवढ्याला कुणी फास्टट्रॅक घेऊ नये.

दुसरी: रुळावर गाड्या किती आहेत ते बघा. एक गाडी फिरत असताना दुसरी भरत असेल तर ठीक. एकच गाडी असेल तर ती परत येईपर्यंत फलाटावर सगळे नुसते उभे. दोन गाड्यांतलं अंतर २ मिनिटांवरून ४ वर जातं आणि रांग तेवढीच दिसत असून वेळ दुप्पट होतो. कमी गर्दीच्या दिवशी पार्कवाले बऱ्याचदा एकच गाडी लावतात. "आज गर्दी नव्हती तरी ताटकळलो" ही तक्रार येते ती यामुळं.

खानापूरकर_७

गणिती सर, एक भर. वेळ गाडी पळण्यात कमी आणि बसवण्यात जास्त जातो. चप्पल काढा, चष्मा खिशात घाला, मोबाईल ठेवा, लॅप बार (मांडीवरचा दांडा) खाली घ्या, मग कर्मचारी प्रत्येक बार हातानं ओढून बघणार. तिसऱ्या रांगेतल्या काकूंनी पर्स मांडीवर ठेवलेली असते. ती काढून ठेवेपर्यंत अख्खी गाडी थांबते. असे ३० सेकंद प्रत्येक गाडीला गेले तर तासाच्या ३० गाड्यांच्या २४ होतात. पाकीट, किल्ल्या, ओढणी लॉकरमध्ये टाकून या. आपला तर वेळ वाचतोच, मागच्यांचाही वाचतो.

शहापूर_पेठ

मुळात हे पैसेवाल्यांनी रांग मोडणं नव्हे काय? गरिबाचं पोर दीड तास उन्हात, आणि बाजूनं दुसऱ्याचं पोर पळत पुढं.

अनगोळचा_गणिती

@शहापूर_पेठ, होय. वर मांडला तो हिशोब तेच सांगतो: फास्टवाल्याची वाचलेली मिनिटं साध्या रांगेतल्या माणसाच्याच पदरची जातात. म्हणून बरी पार्कं दिवसाला किती फास्ट तिकिटं विकायची त्याला मर्यादा घालतात. मर्यादा नसेल तर फास्टची रांगच साधी रांग होऊन बसते आणि मग कुणालाच काही मिळत नाही.

डिस्नेनं १९९९ ला फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता, सगळ्यांना. मशिनीत तिकीट घालायचं, वेळ छापून यायची. २०२१ ला तो बंद करून त्या जागी पैशाचा आणला. लोकांचा राग तिथूनच आहे.

निपाणी_नाका

रांग मोडणं बरोबर की चूक यावर वेगळा धागा काढा, दोनशे प्रतिसाद होतील. इथं मुद्द्यावर येऊ.

सीमाभागातल्या माणसाला फास्टट्रॅकची गरजच बऱ्याचदा पडत नाही. कारण आपल्या पोरांच्या सुट्ट्या कर्नाटकाच्या, आणि एक पार्क महाराष्ट्रात. दोन राज्यांचं शाळेचं कॅलेंडर शेजारी ठेवून बघा.

एप्रिल: कर्नाटकात १० एप्रिलच्या आसपास उन्हाळी सुट्टी लागते. महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या बहुतेक शाळा मेच्या सुरुवातीपर्यंत चालू असतात. म्हणजे १२ ते २५ एप्रिलमधला मंगळवार-बुधवार घ्या. बेळगावची पोरं मोकळी, पुण्या-मुंबईची बरीच पोरं वर्गात. इमॅजिका गाठायचं तर हे दिवस. याच दिवसांत बेंगळुरूचं वंडरला मात्र भरलेलं, कारण सगळं कर्नाटक सुट्टीवर.

दसरा: आपल्याकडं अडीच आठवड्यांच्या आसपास सुट्टी. महाराष्ट्रात लांब सुट्टी दिवाळीला, दसऱ्याला एक दिवस. म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीतही खोपोलीकडंच चला. शिवाय वंडरला आहे बिडदीला, बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर. दसरा बघायला म्हैसूरला निघालेली मंडळी वाटेत तिथं उतरतात. या दिवसांत तिथं जायचंच असेल तर फास्टट्रॅक घ्या आणि वाद घालू नका.

दिवाळी: महाराष्ट्राला दोन आठवडे सुट्टी, आपल्याला सणाचे दोन-तीन दिवस. पाडवा-भाऊबीज झाल्यावरच्या आठवड्यात इमॅजिकात पाय ठेवू नका. वंडरला जमण्यासारखं असतं, फक्त पोरांची शाळा बुडते.

१ नोव्हेंबर: कर्नाटकात सरकारी सुट्टी, महाराष्ट्रात नाही. त्या दिवशी कुठलं पार्क घ्यायचं ते कळलंच असेल.

मेअखेर: कर्नाटकातल्या शाळा २९ मे ते १ जूनच्या सुमारास उघडतात, महाराष्ट्रातल्या १५ जूनच्या आसपास. जूनचा पहिला पंधरवडा वंडरला मोकळं. ज्यांची पोरं कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडच्या शाळांत आहेत त्यांच्यासाठी हे सोनं आहे. मामाकडं बेळगावला आलेल्या भाच्यांना तेव्हाच न्या.

तिसरं_गेट

@निपाणी_नाका, या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

हिंडलगा_बस

निपाणीकरांच्या मांडणीला दोन दुरुस्त्या.

एक, पुण्या-मुंबईत सीबीएसई आणि इतर मंडळांच्या शाळा भरपूर. त्यांचं वेळापत्रक वेगळं, त्यातल्या काहींना एप्रिलमध्येच सुट्टी असते. त्यामुळं एप्रिलचे मधले वार मोकळे म्हणजे पार ओस पडलेले असं समजू नका. शनिवार-रविवार तर कुठल्याच महिन्यात धरू नका.

दोन, डिसेंबरचे मधले वार फसवे असतात. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या सहली. एका शाळेच्या चार-पाच बस आल्या की दोनशे पोरं एकदम एकाच राइडला उभी राहतात. पण सहलीला वेळेचं बंधन असतं. साधारण एकच्या सुमारास जेवायला बसवतात, लांबून आलेल्या बस चार-साडेचारला पोरं मोजायला लागतात. त्या जेवणाच्या वेळात मोठ्या राइड उरका आणि तुम्ही अडीचला जेवा. शेवटचे दीड-दोन तास मोकळे मिळतात. सहलीच्या दिवसासाठी फास्टट्रॅकपेक्षा हे स्वस्त.

वडगाव_वंडरला_वारी

आता वंडरला बेंगळुरूबद्दल नीट लिहितो. २००५ पासूनचं पार्क आहे, कोरड्या राइड आणि पाण्याच्या राइड एकाच तिकिटात. फास्टट्रॅकचा निर्णय इथंच फिरतो.

पाण्याच्या भागात फास्टट्रॅकचा उपयोग थोडा. लाटांचा तलाव, संथ नदी, पावसाचा डान्स हॉल, इथं रांगच नसते. रांग असते ती ट्यूब घेऊन घसरायच्या उंच घसरगुंड्यांवर, आणि ती बऱ्याचदा ट्यूब मोकळी होण्याची असते. खाली आलेली ट्यूब वर पोचेपर्यंत सगळे थांबतात. कोरड्या भागात मात्र रिकॉइल, हरिकेन, इक्विनॉक्स, इन्सॅनिटी यांच्या रांगा वाढतात. तेव्हा आपल्या घरातलं कोण काय करणार ते आधी ठरवा. दिवसभर पाण्यातच डुंबणाऱ्यानं फास्टट्रॅक घेणं म्हणजे बसचा पास काढून चालत जाणं.

क्रम असा ठेवा. पाण्याचा भाग कोरड्यापेक्षा उशिरा उघडतो. गेट उघडल्यापासून तोवरचा वेळ फक्त कोरड्या मोठ्या राइडना द्या. दुपारी ऊन चढलं की सगळं गाव पाण्यात शिरतं, तेव्हा उरलेल्या कोरड्या राइड घ्या. पाण्यात शेवटी जा. उलटं करणारे सकाळीच भिजतात आणि ओल्या कपड्यांनी रांगेत कुडकुडतात.

कपडे: पाण्यात सुती कपडे, साडी, जीन्स चालत नाही, नायलॉनचे लागतात. तिथं दुकानात मिळतात, पण खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत आधीच घेतलेले स्वस्त पडतात. कपड्यावरून दारातून परत पाठवलं की लॉकर, दुकान, बदलण्याची खोली अशा तीन रांगा नव्यानं लागतात. फास्टट्रॅक यातल्या एकाही रांगेत चालत नाही.

खानापूरकर_७

+१. आणखी कुठं कुठं चालत नाही तेही लिहून ठेवा: पार्किंग, बॅग तपासणी, गेट, लॉकर, जेवण, बाथरूम. सुट्टीच्या दिवशी निम्मा वेळ तिथंच जातो.

वडगाव_वंडरला_वारी

उंचीचं राहिलं. इथं पोरांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर लागतं, आणि राइडवर सोडणंही उंचीवरच. घरी भिंतीला उभं करून चपलेशिवाय मोजा आणि वेबसाइटवरच्या प्रत्येक राइडच्या उंचीशी ताडून बघा. मोठ्या राइडला पोरगं दोन सेंटिमीटरनं कमी पडलं तर त्याच्या नावचा फास्टट्रॅक वाया. "जरा अ‍ॅडजस्ट करा" म्हणून उपयोग नाही, आणि नसावाच. लॅप बार ठराविक मापाच्या शरीराला धरून ठेवायला बनवलेला असतो, लहान अंग त्यातून सुटू शकतं.

चिकोडी_ताई

बाराजणांचं घर असलं तर काय करायचं? आजी-आजोबा, काका-काकू, पोरं. सगळ्यांना फास्टट्रॅक घ्यायचा म्हटलं तर सहलीचं लग्न होईल.

अनगोळचा_गणिती

ताई, सगळ्यांना घ्यायचाच नाही. कोण किती मोठ्या राइड घेणार ते मोजा. रक्कम उदाहरणापुरती धरतो. फास्टट्रॅकचे माणशी जादा १२०० रुपये. सहा मोठ्या राइड, गर्दीच्या दिवशी प्रत्येकी २५ मिनिटं वाचली तर १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. ताशी ४८० रुपये पडले. मोकळ्या दिवशी प्रत्येकी ५ मिनिटंच वाचली तर एकूण अर्धा तास, म्हणजे ताशी २४०० रुपये. तिकीट तेच, पार्क तेच. आजोबा दोनच राइड घेणार असतील तर गर्दीच्या दिवशीही त्यांची ५० मिनिटंच वाचतात.

बारापैकी ज्या चार-पाच जणांना उलटं-सुलटं व्हायची हौस आहे त्यांनाच घ्या. पण एक मेख आहे. लहान मुलासोबत मोठं माणूस लागतं अशा राइड असतात, आणि फास्टच्या दारातून साध्या तिकिटाचं मोठं माणूस आत जात नाही. तेव्हा प्रत्येक दोन पोरांमागं एक मोठा फास्टमध्ये धरा. नाहीतर दारात ताटातूट होते आणि रडारड सुरू.

चिकोडी_ताई

हे पटलं. आजी-आजोबांना पाण्याजवळ सावलीत बसवून चार चकरा मारता येतात. भेटायची जागा मात्र आधी ठरवली पाहिजे, पाण्यात जाताना सगळ्यांचे मोबाईल लॉकरमध्ये जातात.

हिंडलगा_बस

वंडरलाला जायचं कसं यावर दोन ओळी, कारण उशिरा पोचलं की फास्टट्रॅकचं गणितच बदलतं.

गाडीनं: धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर करत साधारण ५०० किलोमीटर. बेंगळुरू शहरात शिरू नका. तुमकूर रस्त्यावरून नाईस रोड घ्या आणि म्हैसूर रस्त्याला उतरा. टोल लागतो, पण शहरातून जाण्यात जाणारा वेळ वाचतो.

रेल्वेनं: रात्रीच्या गाडीनं सकाळी बेंगळुरू. मुख्य स्टेशनाला लागूनच मेट्रोचं स्टेशन आहे, नाव क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा, आपल्या जिल्ह्यातलंच नाव. तिथून पर्पल लाइननं शेवटच्या चल्लघट्टापर्यंत, पुढं बिडदी-रामनगरकडची बस.

आदल्या रात्री निघून दुपारी एकला पोचणाऱ्याचे मोठ्या राइडचे सगळ्यात चांगले दोन तास गेलेले असतात. ज्याला चारच तास मिळणार आहेत त्याला फास्टट्रॅक परवडतो. गेट उघडायच्या अर्धा तास आधी उभं राहणाऱ्याला मधल्या वारी परवडत नाही. एवढाच नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

मच्छे_मेकॅनिक

इमॅजिकाचं मी लिहितो. २०१३ चं पार्क, खोपोली-पाली रस्त्यावर. बेळगावहून कोल्हापूर, सातारा, पुणे, मग एक्स्प्रेस वेनं खोपोली. थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटं वेगळी, हे बरेच जण गेटवर पोचल्यावर वाचतात.

मोठी रांग नायट्रोची. बिनफरशीचा कोस्टर आहे, पाय हवेत लोंबकळतात. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर. स्क्रीम मशीन आणि डेअर टू ड्रॉप त्याच्या खालोखाल. दुसरीकडं मिस्टर इंडिया, सलीमगढ, रॅथ ऑफ द गॉड्स, आय फॉर इंडिया या छताखालच्या. यात आय फॉर इंडियासारख्या खेळात एका वेळी पुष्कळ माणसं बसतात, त्यामुळं रांग लांब दिसली तरी एका फटक्यात संपते. अशा ठिकाणी एक्स्प्रेस (इथल्या फास्टट्रॅकचं नाव) वापरून काही हाती लागत नाही.

गेट उघडलं की नायट्रो, मग उघड्यावरच्या बाकीच्या. उन्हात छताखालच्या. पहिल्या तासात घोळका आधी दिसेल त्या राइडला चिकटतो. तुम्ही नकाशा आदल्या रात्री बघून थेट लांबची गाठा.

निपाणी_नाका

पावसाळ्याचं काय? जून-सप्टेंबरला तिकिटं स्वस्त निघतात.

मच्छे_मेकॅनिक

खोपोली घाटाच्या पायथ्याशी. जुलैत तिथं कसा कोसळतो ते खानापूर-जांबोटीच्या माणसाला सांगायला नको.

वीज चमकली किंवा पाऊस-वाऱ्याचा जोर वाढला की उंच आणि उघड्यावरच्या राइड थांबवतात. कोस्टरला चढावर साखळी ओढते, पण त्यापुढं सगळा प्रवास नुसत्या उतारावर. ओल्या रुळावर चाकांचं घर्षण बदलतं, गाडीचा वेग आणि ब्रेकचं अंतर बदलतं. समोरून जोराचा वारा असला तर पुढच्या चढावर गाडी अडकायची भीती. म्हणून थांबवतात, कुणाची लहर म्हणून नव्हे.

नायट्रो बंद पडली की तिची सगळी माणसं छताखालच्या राइडकडं वळतात. एरवी १० मिनिटांची असलेली रांग ४० ची होते. एक्स्प्रेस घेतला असेल तर तेव्हा तिथं उपयोगी पडतो, पण ज्याच्यासाठी घेतला ती नायट्रो गेलेली असते. पावसानं राइड बंद राहिली म्हणून पैसे परत मिळतील असं धरून चालू नका, बुकिंगच्या अटी आधी वाचा. पावसाळ्यात साधं तिकीट काढा. जादा पैसे गाडीच्या वायपरवर घाला.

शहापूर_पेठ

वेबसाइटवर दिसतो तोच दर लागतो काय? शेवटच्या पानावर आकडा वाढतो म्हणतात.

अनगोळचा_गणिती

जीएसटी. थीम पार्कच्या प्रवेशावर २०१७ ला २८ टक्के लावला होता, जानेवारी २०१८ ला १८ वर आणला. काही पानांवर दर कर सोडून लिहितात. समजा १५०० दिसले तर १७७० भरायचे. चौघांचा फरक १०८० रुपये, परतीच्या वाटेवरचं जेवण त्यात निघतं. तुलना करताना दोन्ही आकडे करासकट घ्या.

हिंडलगा_बस

सहलीच्या बसवाल्यांकडून "एंट्रीसहित" पॅकेज घेणाऱ्यांनी एवढं विचारावं: साधी एंट्री की फास्ट? वॉटर पार्क धरून की सोडून? बहुतेकदा साधी असते. व्हॉट्सॲपवर कुणी "माझी तारीख रद्द झाली, फास्टट्रॅक अर्ध्या किमतीत" म्हणून क्यूआरचा फोटो पाठवला तर घेऊ नका. तो कोड गेटवर एकदाच चालतो. तोच फोटो आणखी चौघांना गेला असेल तर पहिला पोचणारा आत, बाकीचे बाहेर.

दुबई_रिटर्न_भाग्यनगर

परदेशाचं थोडं. पोरं बाहेर असल्यानं आपल्याकडचे बरेच लोक सिंगापूर-अमेरिका करतात.

सिंगापूर युनिव्हर्सल: साधा एक्स्प्रेस प्रत्येक राइडला एकदा, आणि अनलिमिटेड म्हणजे कितीही वेळा. दर तारखेनुसार बदलतो. पैसे न घालता रांग टाळायची युक्ती म्हणजे एकट्या माणसाची रांग. ट्रान्सफॉर्मर्स, ममी, बॅटलस्टार गॅलॅक्टिकासारख्या राइडवर ती असते. गाडीत चार जणांच्या ओळीत तिघं बसले की चौथी जागा एकट्याला. घरच्यांपासून वेगळं बसायची तयारी हवी, लहान पोरांना चालत नाही. मोठ्या कॉलेजच्या पोरांना एक्स्प्रेसवर खर्च करायचं कारणच नाही. दुपारी विजांचा पाऊस आला की तिथंही बाहेरचे कोस्टर थांबतात.

ऑरलँडो युनिव्हर्सल: पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक, रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहिलं तर जुन्या दोन पार्कांचा अनलिमिटेड एक्स्प्रेस भाड्यातच येतो. चौघांचे पास वेगळे घेण्यापेक्षा एक रात्र तिथं राहणं कित्येकदा स्वस्त. २०२५ ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला तो लागू नाही.

ऑरलँडो डिस्ने: लाइटनिंग लेन मल्टी पास, २०२४ पासून याच नावानं. तीन राइडच्या वेळा आधीच राखता येतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ७ दिवस आधी, बाकीच्यांना ३ दिवस आधी. सगळ्यात जास्त मागणीची राइड यात नसते, तिचा सिंगल पास वेगळा विकतात. याशिवाय प्रीमियर पास आहे, वेळेची अट नाही, प्रत्येक राइडला एकदा. तो आला तेव्हा मॅजिक किंगडमचा दर तारखेनुसार माणशी ३२९ ते ४४९ डॉलर होता. आपल्या घरांनी तो विसरलेला बरा.

तिसरं_गेट

ते बुकिंग इथं बसून करायचं तर किती वाजता?

दुबई_रिटर्न_भाग्यनगर

तिथल्या सकाळी ७ ला उघडतं. उन्हाळ्यात आपल्याकडं दुपारी ४.३०, त्यांचं घड्याळ मागं गेल्यावर हिवाळ्यात ५.३०.

घोळ कार्डाचा होतो. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवं कार्ड फक्त देशात चालतं. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावा लागतो, आणि ऑनलाइनचं बटण वेगळं, दुकानातल्या स्वाइपचं वेगळं. दोन्ही सुरू करा, मर्यादा घाला, आणि निघायच्या आधी छोटी रक्कम भरून बघा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. तिथलं सिम टाकून आपलं ड्रॉवरमध्ये ठेवून गेलात तर पार्कच्या दारात उभं राहून बेळगावला फोन करावा लागेल.

चिकोडी_ताई

परत आपल्या वंडरलाकडं. समजा साधी तिकिटं काढून आत गेलो आणि रांगा बघून वाटलं की घ्यायला हवा होता. मग?

वडगाव_वंडरला_वारी

ताई, गेटजवळच्या काउंटरवर आत शिरतानाच विचारून ठेवा: आज फास्ट शिल्लक आहे काय, आतून बदलून मिळतो काय, किती वाजेपर्यंत. संख्या ठराविक असते, सुट्टीच्या दिवशी सकाळीच संपू शकते.

मग पहिली मोठी राइड साध्या रांगेतून करा आणि गणितींनी सांगितलंय तसं मोजा. साधी रांग ४० मिनिटांच्या वर आणि कर्मचारी निम्म्याहून जास्त जागा फास्टला देतोय, असं दिसलं तर लगेच परत काउंटर गाठा. दुपारी तीननंतर घेऊ नका, मोठ्या राइडची गर्दी तेव्हा पाण्याकडं गेलेली असते.

चिकोडी_ताई

बरं. म्हणजे पाच मिनिटं मोजायची आणि मग ठरवायचं.

अनगोळचा_गणिती

होय. गाडी सुटली की घड्याळ लावा, आणि मोजताना फास्टच्या दाराकडं बघत राहा, साध्या रांगेकडं नको.